वाचकांचे प्रश्न : न बदलणारा फ्लॅग आणि उलटा पत्ता

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मायक्रोप्रोसेसर आणि असेंब्ली भाषा (प्रोसेसरला एकेक सूचना, म्हणजे इन्स्ट्रक्शन, देण्याची भाषा) हा विषय शिकणाऱ्यांची किंवा शिकवणाऱ्यांची आहेत. सत्र परीक्षा जवळ आल्याचा हा परिणाम असावा. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सांगलीच्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी स्वतः विद्यार्थिनी असताना केली होती, आणि पुढे शिकवायला लागल्यावर जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणाच्या ना कोणाच्या वहीत ती मला भेटत राहिली.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ८०८५ या इंटेलच्या आठ बिटांच्या प्रोसेसरच्या किटला (सरावाच्या बोर्डाला) एलईडी जोडून त्याची उघडझाप करायची, असे प्रात्यक्षिक होते. मधल्या विलंबासाठी मी बीसी या रजिस्टरजोडीत (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली संख्या ठेवण्याची जागा) एफएफएफएफ, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेले ६५,५३५, भरले, डीसीएक्स बी या इन्स्ट्रक्शनने ते एकेकाने कमी केले आणि शून्य होईपर्यंत जेएनझेडने प्रोग्राम मागे नेला. मी आधी एलईडी पेटवते आणि मग विलंब देते. पण एलईडी पेटतो तो पेटलेलाच राहतो, आणि रीसेट केल्याशिवाय किट हलत नाही. मैत्रिणीने हाच विलंब वापरला. फक्त तिने सुरुवातीला एलईडी विझवला, आणि त्यासाठी ॲक्युम्युलेटर (ए हे मुख्य रजिस्टर) शून्य करायला एमव्हीआय ए, ०० न लिहिता एक्सआरए ए लिहिले. तिचा एलईडी मंद, पण सतत पेटलेला दिसतो. किट बदलून पाहिले तरी तेच. सरांनी डीसीएक्सनंतर दोन ओळी घालायला सांगितल्या आणि प्रोग्राम चालला. का चालला, ते मात्र कळले नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : किट निर्दोष होते. तुम्ही दोघींनी जे लिहिले ते प्रोसेसरने अक्षरशः पाळले, आणि तुमचे पत्र इतके नेमके आहे की केवळ त्यावरून दोन्ही एलईडींचे वागणे उलगडता येते.

तुमचा विलंबाचा तुकडा असा आहे :

एलएक्सआय बी, एफएफएफएफ
पुन्हा : डीसीएक्स बी
जेएनझेड पुन्हा
आरईटी

जेएनझेड या इन्स्ट्रक्शनला बीसी नावाची जोडी अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नसते. ती फ्लॅग रजिस्टरमधला झीरो फ्लॅग नावाचा, क्रियेचे उत्तर शून्य आले की एक होणारा, एकच बिट पाहते आणि तो शून्य असेल तर मागे उडी मारते. हा बिट शेवटचा कोणी बदलला, किती वेळापूर्वी बदलला, याची चौकशी ती करत नाही. आणि ८०८५मध्ये डीसीएक्स ही इन्स्ट्रक्शन झीरो फ्लॅगला हातच लावत नाही. म्हणजे बीसीतील संख्या कमी होत होत शून्यावर येते, शून्यावरून पुन्हा एफएफएफएफवर जाते, आणि या सगळ्या काळात जेएनझेड तोच जुना, शिळा फ्लॅग वाचत राहते. विलंबात शिरताना तो फ्लॅग शून्य असेल तर प्रोग्राम कधीच बाहेर पडणार नाही, आणि एक असेल तर पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. तिसरी शक्यता नाही.

आता तुमचा प्रोग्राम पाहा. विलंबाआधी तुम्ही एमव्हीआय, आउट, कॉल आणि एलएक्सआय एवढ्याच इन्स्ट्रक्शन वापरल्या, आणि यांपैकी एकही फ्लॅग बदलत नाही. त्यामुळे किटचा स्वतःचा मॉनिटर प्रोग्राम जाताना जो फ्लॅग ठेवून गेला, तोच तुमच्या वाट्याला आला. तो शून्य होता आणि तुम्ही पहिल्या विलंबात अडकलात. मैत्रिणीने एक्सआरए ए लिहिले. एखाद्या संख्येचा तिच्याशीच एक्सक्लूझिव्ह ऑर घेतला तर उत्तर नेहमी शून्य येते, आणि ही क्रिया एएलयूतून (गणिती आणि तार्किक क्रिया करणाऱ्या भागातून) जात असल्याने झीरो फ्लॅग एक होतो. त्यानंतर तो बदलणारे तिच्या प्रोग्रामात कोणीच नाही, म्हणून तिचा प्रत्येक विलंब एका फेरीत संपतो. टी-स्टेट (प्रोसेसरच्या क्लॉकचे ठोके) मोजल्या तर तिचे एक पूर्ण आवर्तन १४३ टी-स्टेटचे भरते. बऱ्याच किटांवर असतो तसा ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल, तर प्रोसेसर आतल्या आत त्याचे निम्मे करून ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तिचा एलईडी सेकंदाला एकवीस हजारांहून अधिक वेळा उघडझाप करत होता. डोळ्याला ती दिसणे शक्य नाही. जवळजवळ निम्मा वेळ तो विझलेला असल्याने फक्त मंद दिसला.

एमव्हीआय ए, ०० आणि एक्सआरए ए या दोन्हींनी ॲक्युम्युलेटर शून्यच होतो, म्हणून त्या एकच आहेत असे वर्गात सर्रास सांगितले जाते. त्या एकच नाहीत, हे तुमच्या दोघींच्या एलईडींनी दाखवून दिले.

मग डीसीएक्सने फ्लॅग का बदलू नये? येथे पाठ्यपुस्तकातील ती चौकोनांची आकृती काढून समोर ठेवा, जी आठ गुणांसाठी पाठ केली जाते आणि परीक्षेनंतर पुन्हा पाहिली जात नाही. एएलयू आठ बिटांचा आहे आणि फ्लॅग रजिस्टर त्याला जोडलेले आहे. त्यापासून दूर, पत्त्याच्या लॅचशेजारी, वाढ-घट करणारा एक वेगळा सोळा बिटांचा भाग आहे. त्याचे मुख्य काम म्हणजे मेमरीतून प्रत्येक बाइट उचलताना प्रोग्राम काउंटर (पुढचा बाइट कोठून उचलायचा तो पत्ता ठेवणारे रजिस्टर) एकाने पुढे नेणे. आयएनएक्स आणि डीसीएक्स याच भागाकडून काम करून घेतात. त्यांचा एएलयूशी संबंधच येत नाही, मग फ्लॅग बदलणार कसा? त्याउलट डीएडी ही बेरीजही सोळा बिटांचीच आहे, परंतु ती एएलयूतून दोन हप्त्यांत होते. म्हणून तिला दहा टी-स्टेट लागतात आणि ती कॅरी फ्लॅग बदलते. डीसीएक्स सहा टी-स्टेटमध्ये मोकळी होते. वेळेचा तक्ता आणि फ्लॅगचा तक्ता हे दोन्ही त्या आकृतीतूनच निघालेले आहेत. आकृती एका प्रकरणात, तक्ते दुसऱ्यात आणि प्रोग्राम तिसऱ्यात अशी मांडणी पुस्तकाच्या सोयीसाठी असते. विद्यार्थ्याने ती तशी मनात ठेवली की या विषयाचे नुसते पाठांतर होते.

ही रचना गैरसोयीची वाटत असेल, तर अनेक बाइटांच्या दोन संख्यांची बेरीज करून पाहा. पहिल्या बाइटांच्या बेरजेतून आलेला हातचा कॅरी फ्लॅगमध्ये असतो आणि तो पुढच्या एडीसी (हातच्यासह बेरीज) इन्स्ट्रक्शनपर्यंत शाबूत राहायला हवा. मध्ये तुम्ही एचएल एकाने वाढवता, डीई एकाने वाढवता आणि सी मधली मोजणी डीसीआरने कमी करता. आयएनएक्स कोणताच फ्लॅग बदलत नाही, आणि डीसीआर बाकीचे फ्लॅग बदलत असली तरी नेमका कॅरी सोडून देते, म्हणून हातचा सुखरूप पोचतो. ज्या गुणाने तुमचा विलंब अडकला, त्याच गुणाने ही बेरीज सरळ होते.

सरांनी सांगितलेल्या दोन ओळी म्हणजे एमओव्ही ए, सी आणि ओआरए बी. बी आणि सी या दोन्हींचा ऑर तेव्हाच शून्य येतो जेव्हा दोन्ही शून्य असतात, आणि ऑर एएलयूत होत असल्याने झीरो फ्लॅग खऱ्या अर्थाने बीसीबद्दल बोलू लागतो. यातली पहिली ओळ एकटीने पुरली नसती, कारण ८०८५मध्ये एमओव्हीसुद्धा फ्लॅग बदलत नाही. (६५०२ या त्याच काळातील प्रोसेसरमध्ये नुसता आकडा ॲक्युम्युलेटरमध्ये आणला तरी झीरो फ्लॅग बदलतो, म्हणून एका प्रोसेसरची सवय दुसऱ्यावर नेऊ नये.) या उपायात ॲक्युम्युलेटरमधली आधीची संख्या पुसली जाते, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या प्रोग्रामात त्याने बिघडत नाही. बिघडत असेल तेथे विलंबाच्या सुरुवातीला पुश पीएसडब्ल्यू (ॲक्युम्युलेटर आणि फ्लॅग बाजूला ठेवणे) आणि शेवटी पॉप पीएसडब्ल्यू (ते परत आणणे) लिहावे.

आता फेरी किती वेळाची झाली? डीसीएक्सच्या ६, एमओव्हीच्या ४, ओआरएच्या ४ आणि उडी घेतलेल्या जेएनझेडच्या १० मिळून २४ टी-स्टेट. त्याला ६५,५३५ने गुणले की १५,७२,८४० टी-स्टेट होतात, आणि ३.०७२ मेगाहर्ट्झवर त्यांचे ०.५१२ सेकंद. शेवटच्या फेरीत उडी होत नसल्याने तीन टी-स्टेट कमी होतात; त्यांचा हिशेब परीक्षेत लिहा, एलईडीला त्याचे सोयरसुतक नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगते. इंटेलने जाहीर न केलेल्या दहा इन्स्ट्रक्शन ८०८५मध्ये आहेत, आणि फ्लॅग रजिस्टरमधला रिकामा म्हणून दाखवलेला एक बिट खरोखर रिकामा नाही. डीसीएक्सने शून्याच्या खाली गेल्यावर तो बदलतो आणि त्यावर उडी मारणारी इन्स्ट्रक्शनही त्या दहांत आहे. तुमच्यासारखी अडचण रचना करणाऱ्यांनाही जाणवली असावी, असे मला वाटते. उत्तरपत्रिकेत मात्र हे लिहू नका.

पुढच्या वेळी प्रोग्राम किटवर चढवण्यापूर्वी एफएफएफएफच्या जागी ०००३ धरून कागदावर चालवा. ए, बी, सी, झीरो फ्लॅग आणि प्रोग्राम काउंटर असे पाच रकाने आखा आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर एक ओळ लिहा. झीरो फ्लॅगच्या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पहिल्याच ओळीत पडला असता, आणि चूक किटपर्यंत गेलीच नसती.

प्रश्न : ८०८५चे २४६ ओपकोड (इन्स्ट्रक्शनचे आकडे) पाठ करावेत, असा सल्ला वरच्या वर्गातील मुले देतात. कोष्टक परीक्षेत देतातच असे नाही. काही युक्ती आहे का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : पाठ करू नका, बहुतेक ओपकोड मांडता येतात. बी, सी, डी, ई, एच, एल यांना अनुक्रमे ००० पासून १०१ पर्यंतचे तीन बिटांचे क्रमांक दिले आहेत. एम, म्हणजे एचएलने दाखवलेली मेमरीतली जागा, हिला ११० आणि ए ला १११. एमओव्हीचा साचा असा : आधी ०१, मग जेथे न्यायचे त्याचे तीन बिट, मग जेथून आणायचे त्याचे तीन बिट. म्हणून एमओव्ही ए, बी म्हणजे ०१ १११ ०००. चार-चारचे गट पाडले की ०१११ १०००, म्हणजे सोळाच्या पायाने ७८. एमव्हीआयचा साचा ००, तीन बिट, ११०. त्यावरून एमव्हीआय ए चा ३ई येतो. बेरीज-वजाबाकीच्या आणि तार्किक क्रियांचा साचा १० ने सुरू होतो, मधले तीन बिट क्रिया सांगतात आणि शेवटचे तीन रजिस्टर. वरच्या उत्तरातील ओआरए बी चा ओपकोड बी० का, हे यावरून स्वतः काढून पाहा. ऑर क्रियेचा क्रमांक ११० आहे.

या साच्यात एक गंमत दडलेली आहे. एमओव्ही एम, एम असे काही लिहिले तर ०१ ११० ११०, म्हणजे ७६ यायला हवा. मेमरीतल्या एका जागेतून त्याच जागेत बाइट नेण्यात काही अर्थ नाही, म्हणून तो रिकामा पडलेला ओपकोड रचना करणाऱ्यांनी थांबण्याच्या एचएलटी इन्स्ट्रक्शनला देऊन टाकला. ७६ हा आकडा ज्यांनी नुसता घोकला आहे, त्यांना तो कोठून आला हे कधीच कळत नाही.

उड्या, स्टॅक आणि सोळा बिटांच्या इन्स्ट्रक्शन यांचेही असेच साचे आहेत. दहा-बारा सुटे ओपकोड उरतात. ते मात्र खुशाल पाठ करा.

प्रश्न : एसटीए २०५० (ॲक्युम्युलेटरमधली संख्या २०५० या पत्त्यावर ठेवा) या इन्स्ट्रक्शनसाठी किटवर ३२, ५०, २० असे भरावे लागते. पत्ता उलटा का? सरळ लिहिला असता तर काय बिघडले असते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आजच्या प्रोसेसरचे काहीही बिघडले नसते. हा उलटेपणा वारशाने आलेला आहे, आणि त्याचा उगम इंटेलच्याही बाहेर आहे.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील कंप्यूटर टर्मिनल कॉर्पोरेशन या कंपनीने १९७०मध्ये डेटापॉइंट २२०० नावाचे यंत्र आणले. त्याची मेमरी शिफ्ट रजिस्टरची होती, म्हणजे रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे बिट एकामागून एक फिरत समोर येत, आणि त्याचा प्रोसेसरही एका वेळी एकच बिट हाताळत असे. अशा यंत्रात बेरीज करायची तर एककाकडचा बिट आधी हाती यावा लागतो, कारण हातचा तिकडून इकडे येतो. म्हणून संख्येचा आणि पत्त्याचाही लहान भाग आधी ठेवणे ओघानेच आले. याच यंत्राच्या प्रोसेसरची रचना एका चिपवर बसवण्याचे काम इंटेलकडे गेले. ती चिप त्या कंपनीने वापरलीच नाही. इंटेलने १९७२मध्ये ती ८००८ या नावाने बाजारात आणली. ८००८ आठही बिट एकदम हाताळत असे, त्यामुळे तिला उलट्या क्रमाची गरज नव्हती, तरी इन्स्ट्रक्शन तशाच ठेवलेल्या असल्याने क्रमही तसाच राहिला. पुढे १९७४चा ८०८०, १९७६चा ८०८५, १९७८चा ८०८६ आणि त्याच घराण्यातील लॅपटॉपमधले आजचे प्रोसेसर, या सगळ्यांत तो चालत आला आहे. दुसरी घराणी सरळ क्रम पाळतात, आणि इंटरनेटवरून पाठवल्या जाणाऱ्या पाकिटांच्या मथळ्यातील संख्याही मोठा भाग आधी अशाच क्रमाने जातात.

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपण २५ असे लिहितो तेव्हा दशक आधी येतो, पण बोलताना पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. जुन्या ग्रंथांत शब्दांनी सांगितलेले शक वाचताना 'अंकानां वामतो गतिः' हा नियम लावावा लागतो, तोही एकक आधी सांगण्याचाच आहे. लिहिण्याचा क्रम एक आणि सांगण्याचा दुसरा, ही तारांबळ आपल्या घरात फार जुनी आहे.

हा क्रम विसरल्याने होणारी चूक ओळखायची खूण अशी : प्रोग्राम बिनबोभाट चालतो, पण २०५० वर उत्तर मिळत नाही. अशा वेळी ५०२० हा पत्ता उघडून पाहा. तेथे रॅम असेल तर उत्तर तेथे वाट पाहत असेल.

प्रश्न : ८०८६मध्ये सेगमेंटला सोळाने का गुणतात? आणि एकाच जागेला अनेक पत्ते कसे? (दोन विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : पत्त्याच्या तारा वीस आहेत आणि रजिस्टर सोळा बिटांची. वीस तारांनी दहा लाखांहून थोड्या अधिक, म्हणजे १ मेगाबाइट जागा दाखवता येतात, तर सोळा बिटांनी ६४ किलोबाइट. चार बिटांची ही तूट भरून काढण्यासाठी सेगमेंट (मेमरीच्या भागाची सुरुवात सांगणारी संख्या) चार बिट डावीकडे सरकवून त्यात ऑफसेट (तेथून पुढचे अंतर) मिळवतात; चार बिट सरकवणे म्हणजेच सोळाने गुणणे. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांची कल्पना करा, फक्त हे दगड दर सोळा पावलांवर आहेत. एखादे झाड 'अमुक दगडापासून सोळा पावले पुढे' असे सांगता येते, तसेच 'पुढच्या दगडापाशी' असेही सांगता येते. १२३४ सेगमेंट आणि ००१० ऑफसेट यांची बेरीज १२३५० होते, आणि १२३५ सेगमेंट व ०००० ऑफसेट यांचीही तीच. ही सगळी गणिते सोळाच्या पायाने करा. दहाच्या पायाने करून 'उत्तर जुळत नाही' असे लिहिणारी पत्रे मला आधीही आलेली आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकवतो. प्रयोगशाळेतील दहा किटांपैकी दोनच चालतात आणि एका तुकडीत तीस मुले आहेत. सिम्युलेटर वापरला तर मुले किट विसरतात, आणि किटच्या मागे लागलो तर अठ्ठावीस मुले नुसती बघत बसतात. काय करावे? (एक अध्यापक, जळगाव जिल्हा)

उत्तर : सर, पहिले तीन आठवडे किट आणि सिम्युलेटर दोन्ही बंद ठेवून पाहावे, अशी माझी सूचना आहे. मुलांचे सहा-सहांचे पाच गट करा. एकाने प्रोग्राम काउंटर व्हायचे, एकाने मेमरी, एकाने इन्स्ट्रक्शन ओळखणारा डीकोडर, एकाने एएलयू आणि फ्लॅग, एकाने रजिस्टर, आणि सहाव्याने क्लॉक. मेमरीच्या हातात पत्ता घातलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रोग्राम काउंटर पत्ता मोठ्याने सांगतो आणि लगेच एकाने पुढे जातो, मेमरी त्या पत्त्यावरचा बाइट वाचून दाखवते, डीकोडर त्याचा अर्थ सांगतो आणि संबंधित मुलगा आपल्या पाटीवरची संख्या बदलतो. सहावा मुलगा टी-स्टेट मोजतो आणि कोणी पाळी सोडून बोलले तर सगळ्यांना थांबवतो. चार संख्यांची बेरीज एवढा प्रोग्राम पुरा व्हायला एक तासिका जाते, आणि ती जाऊ द्यावी. एकच रस्ता पत्त्याच्या खालच्या आठ बिटांसाठी आणि डेटासाठी आळीपाळीने का वापरला जातो, आणि त्या वेळी एएलई हा संकेत नेमके काय सांगतो, हे फळ्यावर कितीही सांगितले तरी पोचत नाही. येथे मेमरीवाली मुलगी 'हा पत्ता आहे की डेटा?' असे स्वतःच विचारते.

या खेळात एक दोष आहे, तो लपवत नाही. हुशार मुले डीकोडर होतात आणि दर वेळी तीच होतात. दर प्रोग्रामला जागा बदलणे सक्तीचे करावे लागते.

त्यानंतर सिम्युलेटर सगळ्यांना द्या, पण पूर्ण प्रोग्राम एका बटणावर चालवण्याची मुभा देऊ नका. एकेक इन्स्ट्रक्शन पुढे न्यावी आणि पुढच्या पायरीला कोणते रजिस्टर बदलेल ते आधी वहीत लिहावे. किटवर मात्र तेच करा जे सिम्युलेटरमध्ये होत नाही : पोर्टला जोडलेला एलईडी, स्टेपर मोटर, इंटरप्टची (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून दुसरे काम करायला लावणारी) कळ. दोन किटांवर गटागटाने एवढे होऊ शकते. वीज गेल्यावर रॅममधला अर्ध्या तासाचा प्रोग्राम पुसला जाण्याचा अनुभवही किटवरच मिळतो. मी शिकत असताना पंखा बंद पडल्याच्या आवाजाबरोबर अख्खा वर्ग हताश होत असे, आणि त्यानंतर ओपकोड वहीत नीट न लिहिता किटवर थेट भरण्याचे धाडस कोणी केले नाही.

बंद पडलेल्या आठ किटांपैकी काही केवळ कळांच्या झिजलेल्या संपर्कामुळे किंवा वीजपुरवठ्याच्या बिघाडामुळे बंद असण्याची शक्यता मोठी असते. ८०८५ला एकट्या ५ व्होल्टवर चालता येते (त्याच्या नावातील पाचाचा अर्थ तोच, आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत). चिपच्या विसाव्या पिनपासून चाळिसाव्या पिनपर्यंत ५ व्होल्ट मिळतात का, हे मल्टिमीटरने पाहणे अंतिम वर्षाच्या मुलांना सहज जमेल.

प्रश्न : मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १९७६चा प्रोसेसर आजही शिकवतात, हे पाहून आश्चर्य वाटते. आता तर प्रोग्राम लिहून देणारी साधनेही आली आहेत. हा वेळ वाया तर जात नाही ना? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपली मुलगी पुढे नोकरीत ८०८५चा प्रोग्राम लिहिण्याची शक्यता जवळजवळ नाही. १९९७मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीत ८०८५चीच एक आवृत्ती होती, असे शिक्षक अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे, पण त्यालाही आता बराच काळ लोटला. ८०८५ शिकवण्याचे माझ्या मते समर्थनीय असे एकच कारण आहे : सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर एका सत्रात संपूर्णपणे समजू शकतो. आजच्या मोबाईलमधील प्रोसेसरच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. त्यात एका वेळी अनेक इन्स्ट्रक्शन निरनिराळ्या टप्प्यांवर असतात, कधी क्रम सोडूनही पार पडतात, आणि एखादी इन्स्ट्रक्शन किती वेळ घेईल हे तिला लागणारा डेटा कॅशमध्ये आहे की दूरच्या मेमरीत, यावर ठरते. तेथे टी-स्टेट मोजून विलंब लिहिता येत नाही. तरीही प्रोग्राम काउंटर, स्टॅक, रजिस्टर, इंटरप्ट हे सगळे तेथेही आहेच, आणि त्यांची पहिली ओळख लहान यंत्रात झालेली बरी.

असेंब्ली आजही हाताने लिहिली जाते ती ठरावीक ठिकाणी : यंत्र चालू झाल्यावरच्या पहिल्या काही इन्स्ट्रक्शनमध्ये, ऑपरेटिंग सिस्टीम एका कामावरून दुसऱ्या कामावर जाते त्या क्षणी, आणि व्हिडिओ उलगडणाऱ्या वेगवान प्रोग्रामांत. डेव्हिड नावाच्या एव्ही१ डीकोडरचा मोठा भाग हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे. पण लिहिण्यापेक्षा वाचण्याचे प्रसंग कितीतरी अधिक येतात. प्रोग्राम कोसळतो आणि समोर उरतो तो रजिस्टरांचा आणि पत्त्यांचा तक्ता. तो पंधरा मिनिटांत वाचणारा अभियंता आणि तो पाहून गोंधळणारा अभियंता, असे दोघेही मी पाहिले आहेत. प्रोग्राम लिहून देणाऱ्या साधनाला सांगलीच्या विद्यार्थिनीचा विलंब लिहायला सांगितला तर ते बहुधा ओआरए घालूनच देईल. एलईडी मंद का दिसतो, हे मात्र तो पाहणाऱ्यालाच कळावे लागते.

आक्षेपाचा उरलेला भाग मला मान्य आहे. ८०८५वर पाऊण सत्र आणि आधुनिक रचनेवर शेवटचे दोन आठवडे, ही वाटणी आता बदलायला हवी. आपल्या मुलीला सुटीत रिस्क-फाइव्ह पाहायला सांगा. ही रचना २०१०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सुरू झाली. ती कोणालाही परवाना न घेता वापरता येते, आणि तिच्या बत्तीस बिटांच्या मूळ संचात अवघ्या चाळीसच्या आसपास इन्स्ट्रक्शन आहेत. आयआयटी मद्रासचे 'शक्ती' आणि सीडॅकचे 'वेगा' हे आपल्याकडील प्रोसेसर याच रचनेवर आधारलेले आहेत. सी भाषेतील पाच ओळींचे फंक्शन लिहून कंपायलरने त्याचे रिस्क-फाइव्हमध्ये काय केले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचले की चार दिवसांत भाषा ओळखीची होते.

तिला एक बदल लगेच जाणवेल. रिस्क-फाइव्हमध्ये फ्लॅग रजिस्टर नाहीच. उडी मारणारी इन्स्ट्रक्शन दोन रजिस्टरांची नावे स्वतःबरोबर घेऊन येते, त्यांची तुलना त्याच वेळी करते आणि जायचे की नाही ते ठरवते. त्यामुळे सांगलीच्या पत्रातील चूक तेथे करायची म्हटली तरी करता येत नाही. पण मग अनेक शब्दांच्या बेरजेत हातचा ठेवायचा कोठे? तो तेथे बेरीज झाल्यावर वेगळी इन्स्ट्रक्शन लिहून, उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान झाले आहे का, अशी तुलना करून स्वतः काढावा लागतो, आणि एका रजिस्टरमध्ये जपून पुढच्या बेरजेपर्यंत न्यावा लागतो.